हिरवी रेघ मागे का फिरते?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

संगणकावर नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की पडद्यावर एक हिरवी रेघ सरकू लागते. आपण चहा ठेवून येतो. रेघ ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत गेलेली असते, आता झालंच म्हणायचं, आणि तेवढ्यात ती थबकते नि आल्या वाटेनं मागे फिरते. मग एक छोटी चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीतली एक-दोन कोरडी वाक्यं आणि एखादा आकडा : १६०३, १६१८, १७१४. आपण 'ओके' दाबतो, कारण दुसरं काही दाबायला दिलेलंच नसतं. पुन्हा सेटअप चालवतो. पुन्हा तेच.

मंडळी, माझं गाव नाकाडोंगरी. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. धानाच्या बांध्या, जंगल आणि जवळपासच्या डोंगरी बुजुर्ग, चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणी ही या भागाची ओळख. संगणक दुरुस्तीचं माझं काम इथं आणि आजूबाजूच्या खेड्यांत चालतं. "भाऊ, इन्स्टॉलच नाही होऊन राहिलं जी," हे वाक्य मला पाठ झालं आहे. त्याच्या मागोमाग येणारं दुसरं वाक्यही पाठ झालं आहे : "फॉरमॅट मारा लागते म्हणते."

या दुसऱ्या वाक्याची मला जास्त धास्ती वाटते. ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं, अशातला हा प्रकार. किराणा दुकानाची उधारी, शाळेचे गुणपत्रक, लेकीच्या लग्नातले फोटो, सेवा केंद्रात भरलेल्या अर्जांच्या पावत्या, सगळं त्या एका डिस्कवर असतं आणि दुसरीकडे प्रत ठेवण्याची सवय आपल्याला नसते. फॉरमॅट करणारा ते सगळं पुसतो, चार-पाचशे रुपये घेतो, आणि पुष्कळदा मूळ अडचण तशीच राहते. म्हणून आज मी सांगणार आहे ते, ही रेघ मागे फिरते तेव्हा आत नेमकं काय घडतं याबद्दल. आत काय चाललंय हे कळलं की काय करायचं ते बरंचसं आपोआप सुचतं.

सॉफ्टवेअर 'टाकणं' हा शब्द आपण वापरतो आणि त्यानं थोडा घोटाळा होतो. गाणी पेनड्राइव्हमधून संगणकात टाकतात तसं हे काम नाही. त्यापेक्षा ते रोवणीच्या जवळचं आहे. पऱ्हे उपटून आणले आणि बांधीत फेकून दिले तर धान होत नाही. आधी चिखलणी झालेली हवी, पाणी बांधलेलं हवं, आणि प्रत्येक रोप आपापल्या जागी लागलं पाहिजे. सेटअप नावाची जी फाइल आपण चालवतो, ती हेच करते. स्वतःची गाठोडी आधी एका तात्पुरत्या जागी, म्हणजे 'टेम्प' नावाच्या फोल्डरमध्ये, सोडते. जमीन तयार आहे का पाहते : जागा पुरेशी आहे का, विंडोज कोणतं आहे, लागणारी इतर साधनं आधीपासून आहेत का. मग फाइली 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवते, काही विंडोजच्या स्वतःच्या घरात ठेवते, आणि 'रजिस्ट्री' नावाच्या विंडोजच्या वहीत नोंदी करते. या नोंदींवाचून विंडोजला त्या सॉफ्टवेअरचा पत्ताच नसतो.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात प्रत्येक कंपनीचा सेटअप हे काम आपापल्या पद्धतीनं करी. एकानं ठेवलेली सामायिक फाइल दुसरा येऊन स्वतःच्या जुन्या फाइलनं झाकून टाकी, मग पहिलं सॉफ्टवेअर बंद पडे. अर्ध्यात वीज गेली तर अर्धं बसलेलं सॉफ्टवेअर तसंच लोंबकळत राही. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली ऑफिस २००० सोबत 'विंडोज इन्स्टॉलर' ही व्यवस्था आणली. घडणीच्या काळात तिचं टोपणनाव 'डार्विन' होतं. कुणाला हे नाव का सुचलं असेल याचा मी अधूनमधून विचार करतो, पण ते असो.

या व्यवस्थेतली मुख्य गोष्ट बँकेच्या व्यवहारासारखी आहे. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत, असं चालत नाही. एकतर दोन्ही बाजू पूर्ण होतील, नाहीतर सगळं पूर्वीसारखं होईल. विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक पाऊल टाकताना ते उलट कसं फिरवायचं हेही लिहून ठेवतो. शंभर पावलांपैकी ब्याण्णवावं अडलं, तर उरलेली आठ रेटून न नेता आधीची एक्याण्णव उलट क्रमानं मागे घेतो. मागे फिरणारी रेघ ती हीच. तिच्यामुळे निदान संगणक बिघडलेला राहत नाही. अडलेलं ब्याण्णवावं पाऊल कोणतं, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो.

नोव्हेंबर महिना होता. आमच्या भागातलं एक सेवा केंद्र, नाव सांगत नाही. नोव्हेंबर म्हटला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ असते. 'जीवन प्रमाण' ही संगणकावरून दाखला देण्याची सोय केंद्र सरकारनं १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली. बोटाचा ठसा द्यायचा, तो आधारशी जुळला की दाखला तयार. त्यासाठी ठसा घेणारं छोटं यंत्र संगणकाला जोडावं लागतं, आणि त्या यंत्राचा ड्रायव्हर व त्याची सेवा देणारं सॉफ्टवेअर आधी बसवावं लागतं. केंद्रचालकानं जुनं यंत्र बदलून नवं आणलं होतं आणि त्याचं सॉफ्टवेअर दोन दिवस बसत नव्हतं. ओसरीवर पंधरा-वीस म्हातारी माणसं. त्यात खाणीतून निवृत्त झालेले होते, एक निवृत्त शिक्षक होते, नवऱ्याच्या मागे पेन्शन घेणाऱ्या दोन बाया होत्या. एक आजोबा तर आदल्या दिवशीही येऊन बसून गेले होते. दाखला गेला नाही तर पैसे थांबतात, आणि त्या पैशांवर औषधाची बाटली अवलंबून असते. चालकाला फोनवर कुणी सल्ला दिला होता : फॉरमॅट. त्याच्या संगणकात तीन वर्षांच्या पावत्या होत्या.

मी आधी आकडा विचारला. तो म्हणाला, "काहीतरी सोळाशे होतं." मग सेटअप पुन्हा चालवून पाहिला. आकडा होता १६१८. याचा अर्थ अगदी साधा आहे : दुसरं एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम हाती घेतो. एक गिऱ्हाईक उठल्याशिवाय दुसरं बसवत नाही, गावातल्या एकट्या न्हाव्यासारखं. इथं त्या खुर्चीत कुणीतरी बसून राहिलं होतं. आदल्या दिवशी विंडोजचं अपडेट अर्धवट झालं होतं आणि पुढचा टप्पा रीस्टार्टची वाट पाहत होता.

चालक म्हणाला, "मी तर रोज रात्री बंद करतो जी." इथं एक बारकावा आहे आणि तो घरोघरी उपयोगी पडेल असा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तेव्हा 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची तेव्हाची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होते, म्हणजे संगणक लवकर उघडतो. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र गाभा खरोखर बंद होऊन नव्यानं सुरू होतो. म्हणजे वर्षभर रोज रात्री शट डाउन करणाऱ्या माणसाचा संगणक महिनोन्महिने खऱ्या अर्थानं ताजा सुरू झालेला नसतो. इन्स्टॉल अडलं की पहिलं काम रीस्टार्ट. ते केलं. अपडेटनं दहा मिनिटं घेतली. सेटअप चालवला. आकडा बदलला आणि १६०३ आला.

लोक अशा वेळी हिरमुसतात. मला बरं वाटलं, कारण आकडा बदलला याचा अर्थ एक दार उघडून आपण पुढच्या दारापाशी आलो.

१६०३ हा आकडा डॉक्टरांच्या 'ताप आहे'सारखा. काहीतरी गंभीर अडलं, एवढंच तो सांगतो. काय अडलं ते दुसरीकडे लिहिलेलं असतं. बहुतेक सेटअप आपली रोजनिशी लिहितात. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, उघडलेल्या चौकटीत दोन टक्क्याच्या चिन्हांमध्ये इंग्रजीत टेम्प हा शब्द लिहून एंटर मारायचा. जे फोल्डर उघडतं त्यात तारखेप्रमाणे शेवटची 'लॉग' फाइल पाहायची. ती हजारो ओळींची असते. घाबरायचं नाही, वाचायचीही नाही. कंट्रोल आणि एफ दाबून 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द इंग्रजीत शोधायचे. विंडोज इन्स्टॉलरच्या भाषेत १ म्हणजे जमलं, २ म्हणजे माणसानं रद्द केलं, आणि ३ म्हणजे इथं फसलं. जिथं हे ३ पहिल्यांदा भेटेल, त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत खरं कारण असतं. लॉग सापडलाच नाही तर विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत 'एमएसआय इन्स्टॉलर' या नावाखाली निदान थोडक्यात तरी लिहिलेलं सापडतं.

आम्ही ती जागा काढली. वरच्या ओळीत एका फाइलचा पत्ता होता, ती फाइल सापडत नाही असं म्हटलं होतं, आणि पत्त्याच्या मधोमध ओळीनं प्रश्नचिन्हं होती. फाइलच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह कसं येईल? विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह लिहायला मनाईच आहे.

कारण चालकाच्या हौसेत होतं, आणि ती हौस मला फार आवडली. त्यानं संगणक घेतला तेव्हा विंडोजमधलं खातं मराठीत उघडलं होतं. 'सेवा केंद्र' असं देवनागरीत. त्यामुळे त्याचं घरचं फोल्डरही देवनागरी नावाचं झालं आणि त्याच्या पोटातलं टेम्प फोल्डर त्याच पत्त्यावर. विंडोजला यात काहीच अडचण नाही. विंडोज २००० पासून देवनागरी लिपी युनिकोडमधून तिथं नीट चालते. अडचण येते ती जुन्या वळणाच्या सेटअपना. युनिकोडच्या आधी विंडोज एकेका भाषासमूहासाठी एकेक छोटा अक्षरतक्ता ठेवत असे. इंग्रजी-फ्रेंचसाठी एक, रशियनसाठी एक, अरबीसाठी एक. देवनागरीसाठी तसा तक्ता विंडोजमध्ये कधी केलाच नाही. आपली लिपी आली तीच युनिकोडमधून. मग जो सेटअप अजून जुन्या तक्त्यांनीच वाचतो, त्याला 'सेवा केंद्र' दिसतच नाही. न ओळखता आलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह घेतो. स्वतःची गाठोडी जिथं सोडली, तो पत्ताच त्याला वाचता येत नाही. रशियन माणसाला हा त्रास कमी झाला, आपल्याला अधिक. दोष मराठी नावाचा नाही, हे मी चालकाला दोनदा सांगितलं. नवं यंत्र विकायचं आणि त्याचं सॉफ्टवेअर मात्र वीस वर्षांपूर्वीच्या वळणानं बांधायचं, ही आळशी तऱ्हा आहे.

इथं पुष्कळजण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खात्याचं नाव बदलतात. त्यानं वरची पाटी बदलते, आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. आम्ही रोमन लिपीतल्या साध्या नावाचं एक नवं ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडलं, त्यातून सेटअप चालवला, आणि पाच मिनिटांत यंत्राचा दिवा लागला. जुन्या खात्यातल्या पावत्या जागच्या जागी होत्या. दुसरा मार्गही होता : सी ड्राइव्हवर साध्या नावाचं एक फोल्डर करून टेम्पचा पत्ता तिकडे वळवायचा. तो जास्त सोयीचा, कारण खातं बदलावं लागत नाही. फक्त पुढे कुणी ते फोल्डर फालतू समजून उडवू नये.

त्या दिवशीची गोष्ट इथं संपली नाही, तेही सांगतो. यंत्र चालू झालं तरी ओसरीवरच्या चार-पाच जणांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर घमेलं-फावडं हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हातारपणी कातडी कोरडी पडते. यावर कोणताही इन्स्टॉलर उपाय करू शकत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवून मोबाइलवर हा दाखला देता येतो. त्यांचं काम तसं केलं. आदल्या दिवसापासून आलेले ते आजोबा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर फेटा सारखा करून बसले होते.

आता इतर कारणांकडे वळतो. सगळी सांगत नाही, आमच्याकडे वारंवार भेटतात तीच.

सगळ्यात जास्त भेटणारं कारण म्हणजे सेटअपच अपुरा असणं. मित्राच्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये आणलेली वस्तू कधीकधी नुसता शॉर्टकट असते, म्हणजे घराऐवजी घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. कधी एकटी सेटअप फाइल आणलेली असते आणि तिच्या शेजारच्या, 'कॅब' शेपटीच्या मोठ्या फाइली तिथंच राहिलेल्या असतात. कधी 'झिप'मध्ये बांधलेलं गाठोडं न सोडताच आतली सेटअप फाइल चालवतात. मग तिला बाकीची भावंडं दिसत नाहीत. राईट क्लिक करून आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करावं. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली फाइल मध्येच तुटलेली असते. आकारमान संकेतस्थळावर लिहिलेल्या आकारमानाशी ताडून पाहावं. १६१९ हा आकडा दिसला तर बहुधा असंच काहीतरी असतं : पुडकं उघडताच येत नाही.

दुसरं, संगणकाचं घड्याळ. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रानं दिवसातले कित्येक तास भारनियमन सोसलं, आणि आजही पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज नसताना संगणकाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका चपट्या सेलवर चालतं. चार-पाच वर्षांत तो संपतो. मग संगणक उघडला की तारीख कितीतरी वर्षं मागची. आपलं लक्षही जात नाही. पण आजकालचे बरेच सेटअप इंटरनेटवरून उरलेला माल आणतात, आणि त्यासाठी समोरच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र तपासतात. प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असतं. संगणकाच्या मते आज २००९ साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग 'सुरक्षित जोडणी होत नाही' असा निरोप येतो आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा, साल धरून पाहा. चुकीची असेल तर सेल बदला, 'सीआर २०३२' म्हणून मागायचा. चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. गंमत म्हणजे या सेलच्या पोटात मॅंगनीज डायऑक्साइडच असतं. आमच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीचा माल कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना जातो आणि तिथं इलेक्ट्रोलिटिक मॅंगनीज डायऑक्साइड तयार करणारा प्रकल्पही आहे. खाणीच्या गावात घड्याळ बंद पडावं ते मॅंगनीजचा एक एवढासा सेल संपल्यामुळे!

तिसरं, चिखलणी न झालेली बांधी. अनेक सॉफ्टवेअरना खाली काही पाया लागतो. 'डॉट नेट फ्रेमवर्क ३.५' हा त्यातला एक. जुनी मराठी टंकलेखनाची साधनं, दुकानाच्या हिशेबाची सॉफ्टवेअर यांना तो हमखास लागतो. विंडोज १० मध्ये तो आधीपासून बसवलेला नसतो, मागितल्यावर विंडोज अपडेटमधून येतो. अपडेट बंद करून ठेवलेलं असेल तर तो येत नाही, आणि ०८१एफ अशा शेपटीचा एक लांबलचक आकडा दिसतो. अर्थ एवढाच की माल आणायला गोदाम सापडलं नाही. अपडेट चालू करावं, किंवा त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या मूळ डिस्कमधून तो घ्यावा. दुसरा पाया 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'चा. अमुक डीएलएल फाइल नाही अशी तक्रार आली, की लोक ती एकटी फाइल इंटरनेटवर शोधून कुठल्याही अनोळखी जागेवरून उतरवतात. असं करू नका. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याचं पूर्ण पुडकं फुकट मिळतं.

याच्याच जवळचा एक प्रकार सांगताना माझा आवाज जरा चढतो. बाजारात 'लाइट' म्हणून विंडोज टाकून देतात. जुन्या संगणकावरही पळतं, जागा कमी खातं. ते हलकं होतं, कारण कुणीतरी त्यातले अवयव काढून टाकलेले असतात : अपडेट काढलं, डिफेंडर काढला, डॉट नेटची व्यवस्था काढली. मग पुढे जे जे बसवायला जाल ते कुठं ना कुठं अडतं आणि दर वेळी कारण वेगळं दिसतं. अशा संगणकावर तासन्‌तास घालवण्यात अर्थ नाही. इथं मात्र आधी सगळ्याची प्रत काढून अस्सल विंडोज नव्यानं टाकणं हाच मार्ग, आणि फॉरमॅटला मी मनापासून होकार देतो ती जवळपास ही एकच वेळ.

मग जुन्याचे अवशेष. नवी आवृत्ती बसवताना सेटअप आधी जुनी काढू पाहतो. जुनी काढण्यासाठी तिचं मूळ पुडकं लागतं आणि विंडोज ते आपल्या घरात 'इन्स्टॉलर' नावाच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं. ते फोल्डर कधीकधी कित्येक जीबीचं होतं. डिस्क भरली म्हणून कुणी हुशार माणूस ते रिकामं करतो आणि त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी अपडेट येतं तेव्हा १७१४ : जुनी आवृत्ती काढता येत नाही. म्हणजे काढताही येत नाही आणि नवी बसवताही येत नाही. यावर तेच जुनं पुडकं, अगदी त्याच आवृत्तीचं, मिळवून पुन्हा चालवणं हा त्यातल्या त्यात सरळ उपाय. एके काळी मायक्रोसॉफ्टचंच 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' नावाचं साधन होतं, ते अशा नोंदी खरवडून काढी. पण ते शेजारच्या सॉफ्टवेअरच्या नोंदींनाही इजा करू लागलं, म्हणून २०१० साली कंपनीनं ते मागे घेतलं. कुठल्या तरी जुन्या सीडीवर ते अजून सापडतं. वापरू नका.

वयाचा प्रश्नही असतो, संगणकाच्या नि सॉफ्टवेअरच्या. विंडोज ९५ च्या काळातले कित्येक सेटअप १६ बिटांचे होते, आतलं सॉफ्टवेअर ३२ बिटांचं असलं तरी. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचं काही चालत नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांतच मिळतं. त्यामुळे घरातली मराठी फॉन्टची जुनी सीडी चालली नाही तर संगणकाला बोल लावू नये. टंकलेखनासाठी आता ती लागतही नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन नुसता जोडायचा. उलट बाजूनं, विंडोज ७ वर नवे ड्रायव्हर अडतात. नव्या ड्रायव्हरवरची डिजिटल सही नव्या पद्धतीची असते, आणि ती ओळखायला शिकवणारं अपडेट विंडोज ७ ला २०१९ मध्ये दिलं गेलं. ज्यांनी अपडेट कधी केलंच नाही, त्यांच्या संगणकाला ही सही खोटी वाटते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. लगेच काही बंद पडत नाही. पण एकेक नवं सॉफ्टवेअर हळूहळू 'तुमचं विंडोज जुनं' म्हणू लागतं.

नव्या स्वस्त लॅपटॉपवर आणखी एक वेगळीच गोष्ट भेटते. 'एस मोड'. या अवस्थेत विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलीच सॉफ्टवेअर बसवू देतं, बाहेरचं काहीही आणा, नाही म्हणतं. हा बिघाड नाही. सेटिंगमधून एकदा बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, मात्र परत त्यात जाता येत नाही. विद्यार्थ्यांना मिळालेल्या लॅपटॉपवर हे आधी पाहून घ्यावं.

अधिकारांबद्दल थोडक्यात. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर आपलं खातं साधं असेल तर प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिण्याचा हक्क आपल्याला नसतो. ॲडमिनिस्ट्रेटर खातं असलं तरी, २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून, विंडोज तो हक्क विचारल्याशिवाय वापरत नाही. म्हणून राईट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. मात्र हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध समजून वापरू नये. ज्या फाइलचा उगम माहीत नाही तिला हा हक्क देणं म्हणजे अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या देणं. अँटिव्हायरस बंद करून बसवा, असा सल्ला तर फुकट्या चोरट्या सॉफ्टवेअरसोबत लिहूनच आलेला असतो. अँटिव्हायरस खऱ्या सेटअपलाही कधीकधी अडवतो, नाही असं नाही. पण तशी शंका असेल तर त्याच्या नोंदींत जाऊन त्यानं काय उचलून ठेवलंय ते पाहावं, आणि सेटअप मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच पुन्हा उतरवावा.

आणि इतकं करूनही दर वेळी नव्याच ठिकाणी अडत असेल, तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुखावल्या असण्याचा संभव असतो. अचानक वीज जाण्याच्या भागात हे होतं. 'सिस्टिम फाइल चेकर' हे तपासनीस विंडोजमध्येच असतं, ते चालवायला अर्धा तास लागतो आणि डेटाला धक्का लागत नाही. इनव्हर्टर नसेल तर मोठं इन्स्टॉलेशन वीज टिकण्याच्या वेळेला करावं. आमच्याकडे मी ते सकाळी करतो.

जाता जाता ३०१० या आकड्याबद्दल, कारण गेल्याच आठवड्यात एका बाईंनी त्याचा फोटो मला पाठवला होता आणि विचारलं होतं, आता फॉरमॅट करू का? ३०१० म्हणजे सॉफ्टवेअर नीट बसलेलं आहे, फक्त संगणक एकदा रीस्टार्ट करा.